गळाची काठी

वाचकांची आरंभींच क्षमा मागून ठेवणें बरें. ज्या घरांत चातुर्मासांत कांदा-लसणालाही उंबरठा ओलांडूं देत नाहींत, त्या घरांतील साठी उलटलेल्या संस्कृताच्या मास्तरानें मासे धरण्याच्या काठीविषयीं लिहावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. कित्येकांस ओंगळही वाटेल. आमची त्यांच्याशीं तक्रार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं असा लेख हातीं पडता, तर आम्हींच तो मिटून ठेविला असता आणि "काय दिवस आले!" असें म्हणून पंचांग उघडलें असतें. परंतु ज्या गोष्टीचा माणसानें आयुष्यभर तिटकारा केला, तिचीच चष्मा पुसून, घासाघीस करून खरेदी करण्याचा प्रसंग त्याजवर येतो, आणि त्या खरेदींत त्याला आपलीच एक जुनी चूक सांपडते, असेंही कधीं कधीं घडतें. आमचे बाबतींत तें कसें घडलें, तेवढें सांगावयाचें आहे.

आमचें घर मुळशी तालुक्यांत. मूळ गांव मात्र आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. तें तलावाच्या तळाशीं आहे. टाटांच्या विजेच्या योजनेसाठीं मुळा नदीवर धरण घालण्याचें ठरलें, तेव्हां १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला, पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले, आणि 'सेनापति' हें नांव त्यांस या लढ्यांतच मिळालें, हें सर्वश्रुत आहे. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण व्हावयाचें तें झालेंच. आमचे आजोबा देवांची पेटी व दोन गाई घेऊन वरच्या अंगास येऊन राहिले.

त्या पाण्याची एक गंमत आहे. मुळा ही स्वभावानें पूर्ववाहिनी. पुण्यास ती मुठेस मिळते आणि पुढें भीमा-कृष्णेच्या वाटेनें पूर्वसमुद्रास जाते. परंतु धरणांत अडविलेलें पाणी डोंगर फोडून पश्चिमेस कोंकणांत भिऱ्याच्या वीजगृहावर उतरविलें आहे. १९२७ पासून तें तेथें चक्रें फिरवितें, मग कुंडलिका नदींत पडतें, आणि कोलाड-रोह्यावरून वाहत रेवदंडा व कोर्लई यांच्या मधल्या खाडींतून अरबी समुद्रास मिळतें. म्हणजे आमच्या आजोबांच्या अंगणावर उभें असलेलें पाणी खारें होतें, तें कोर्लईच्या किल्ल्याखालीं. ही गोष्ट आम्हीं वर्गांत भूगोलाच्या तासाला पुष्कळ वेळां सांगितली होती. स्वतः मात्र तें ठिकाण पाहिलें नव्हतें. तें पाहिलें होतें आमच्या धाकट्या बंधूंनीं.

बंधु आमच्याहून सात वर्षांनीं लहान. वडील लौकर वारल्यामुळें त्यांना धाक असा आमचाच. १९७८ च्या उन्हाळ्यांत, आम्ही नुकतेच शाळेंत लागलों असतां, ते तलावाच्या कांठीं गुराख्यांच्या मुलांबरोबर वेळूच्या काठीला तंगूस बांधून बसलेले सांपडले. आम्हीं ती काठी गुडघ्यावर मोडली, तुकडे न्हाणीच्या बंबांत घातले, त्यांस स्नान करविलें, पंचगव्य दिलें, आणि सायंकाळीं अकरा वेळां रामरक्षा म्हणावयास लाविली. तेरा वर्षांचा मुलगा रडला नाहीं, उलट बोलला नाहीं; बंबाच्या तोंडाशीं जळणाऱ्या काठीकडे मात्र पाहत राहिला. त्यानंतर आमच्यापुढें त्यांनीं त्या विषयाचा चकार शब्द काढिला नाहीं. आम्हांस वाटलें, खोड गेली. मास्तर लोकांस नेहमींच असें वाटत असतें.

पुढें बंधु बँकेंत लागले. नोकरीचीं बरींच वर्षें अलीबागेकडे गेलीं. शनिवारीं घरीं येत, सोमवारीं पहांटे जात. एखाद्या शनिवारीं येत नसत, तेव्हां "काम होतें" म्हणत. २०२१ च्या वैशाखांत करोनाच्या दुसऱ्या लाटेंत दोन आठवड्यांचें निमित्त होऊन ते गेले. शेवटच्या दिवसांत आमच्यापैकीं कोणासही त्यांच्याजवळ बसतां आलें नाहीं. त्यांचा मुलगा तेव्हां सतरा वर्षांचा होता. तो मुलगा त्या दिवसापासून मुका झाल्यासारखा झाला. विचारलें तर उत्तर देई, वाढलें तर जेवी, कॉलेजांत जाई. परंतु आपण होऊन बोलत नसे, आणि बापाचें नांव तर त्यानें तोंडांतून काढलेंच नाहीं. आमच्या भावजयीनें नवस केले, आम्हीं उपदेश केला. नवसानें निदान तिच्या मनास शांति मिळाली. उपदेशानें कोणासच कांहीं मिळालें नाहीं.

दीड वर्षानें अलीबागेच्या बिऱ्हाडाचें सामान सोडविलें. एके दिवशीं दुपारीं आम्ही ओसरीवर पडलों असतां मुलगा एक लांबट वही घेऊन आला व म्हणाला, "आप्पा, हें काय लिहिलंय?"

वहींत बंधूंच्या अक्षरांत ओळीच्या ओळी होत्या. 'मा. व. ६ – ४॥ – कोर्लई.' 'फा. शु. ५ – ३॥। – कोर्लई.' 'का. शु. ४ – ३ – रेवदंडा.' मुलाला यांतील गांवांचीं नांवें तेवढीं कळत होतीं. आम्हांस पहिली ओळ वाचतांच सर्व उमगलें, आणि अंगावर कांटा आला. तिथीची पाउणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. सहा पाउणे साडेचार. पांच पाउणे पावणेचार. थोडाफार फरक पडतो, पण माणूस फसत नाहीं. आणि ही पाउणकी बंधूंना आम्हींच शिकविली होती, हातावर छड्या मारून. त्यांनीं तिचा उपयोग आयुष्यभर मासे धरण्याच्या वेळा काढण्यासाठीं केला.

वहीबरोबर ट्रंकेत एक रीळही होतें. दोरा गुंडाळण्याचें जें चक्र काठीला लावतात, तें. त्याची मूठ फिरत नव्हती. फटींतून पांढरी भुकटी आली होती, स्क्रू तांबारले होते. आम्ही तें हातांत घेऊन बसलों, तोंच आमच्या मातोश्री माजघरांतून आल्या. वय पंच्याऐंशींच्या पुढें, परंतु दृष्टि शाबूत. त्या म्हणाल्या, "सांपडलें वाटतें. तो मासे धरून सोडून देत असे. आला कीं मला सांगे. तुला तेवढें सांगूं नको म्हणाला होता." आम्हीं भावजयीकडे पाहिलें, तिनें मान खालीं घातली. आमच्या कुटुंबाकडे पाहिलें. तिला एकाएकीं दुधाची आठवण झाली. चाळीस वर्षें ही गोष्ट घरांत सर्वांस ठाऊक होती. न ठाऊक ती एकट्या कर्त्या पुरुषास.

मुलगा हळूच म्हणाला, "मला कोर्लईला जायचंय, आप्पा."

आम्ही म्हणालों, "जाऊं. पण हें रीळ चालणार नाहीं. काठी घ्यावी लागेल."

हें वाक्य आमच्याच तोंडून आलें, याचें आम्हांस अद्यापही आश्चर्य वाटतें.

पंडिताची खोड अशी कीं, बाजारांत जाण्यापूर्वीं तो पोथी काढतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१ च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा ग्रंथ रचला. बडोद्याच्या ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं तो संपादिला आहे. संगीत, पाकशास्त्र, हत्ती, घोडे यांजबरोबर राजाच्या करमणुकींत 'मत्स्यविनोद' म्हणून एक स्वतंत्र प्रकरण त्यांत आहे. समुद्रांतले मासे कोणते, नदींतले कोणते, कोणास काय खाद्य रुचतें, गळ कसा टाकावा, याची तेथें शास्त्रशुद्ध मांडणी केलेली आहे. इंग्रजांस त्यांच्या आयझॅक वॉल्टनच्या १६५३ सालच्या ग्रंथाचा मोठा अभिमान. आमच्या राजाचें पुस्तक त्याहून पांच शतकें जुनें. हें वाचून आमचा संकोच पुष्कळच कमी झाला. संस्कृतांत लिहिलेली गोष्ट आम्हांस नेहमींच निम्मी क्षम्य वाटत आली आहे.

पुण्यास एका पेठेंतल्या दुकानांत गेलों. दुकानदार तरुण, मोठा सालस. "गोड्या पाण्यासाठीं कीं खाऱ्या?" हा त्याचा पहिला प्रश्न. आम्ही म्हणालों, "खाऱ्या." त्यानें एकदां आमच्या शेंडीकडे पाहिलें व मग अगदीं गंभीरपणें माहिती देऊं लागला. ती जशी आम्हांस समजली, तशी येथें देतों. कोणाच्या घरीं असा मुलगा असेल, तर उपयोगी पडेल.

काठ्या मुख्यतः दोन जातींच्या. कांचतंतूंची काठी जड, पण सोशिक. आपटली, वाकली तरी सहसा मोडत नाहीं. कार्बनतंतूंची हलकी व तरतरीत. माशानें आमिषास नुसतें तोंड लाविलें तरी हातास कळतें. परंतु ती ठिसूळ असते, आणि तिच्यांतून वीज वाहते, म्हणून विजेच्या तारांखालीं किंवा आभाळ गडगडत असतां ती उभारूं नये. तलावाच्या कांठीं सहा-सात फुटांची काठी पुरते. समुद्रावर खडकावरून लांब फेंकावयाचें असतें, लाटेवरून दोरा उचलून धरावयाचा असतो. तेथें नऊ-दहा फूट हवी. किती वजन फेंकण्यास ती योग्य, तें मुठीच्या वर छापलेलें असतें. तें न वाचतां घेतलेली काठी म्हणजे मंगलाष्टकांनंतर चौकशी केलेलें स्थळ. काठीवरच्या ज्या कड्यांतून दोरा जातो, तीं आंतून चिनीमातीसारख्या कठीण पदार्थानें मढविलेलीं असावीं. नाहींतर दोरा त्यांना चरे पाडतो आणि मग तेच चरे दोऱ्यास कापतात.

रिळांतही दोन जाती. एकांत ढोल फिरतो. त्याची ताकद मोठी, पण नवख्याच्या हातून तो वेगानें सुटतो आणि दोऱ्याचा असा गुंता होतो कीं, एकत्र कुटुंबाची वांटणी बरी. दुसऱ्यांत ढोल स्थिर राहतो व दोरा त्याच्या कडेवरून सुटत जातो. शिकणाऱ्यानें हेंच घ्यावें. त्यांवर २५००, ४०००, ६००० असे आंकडे असतात. किनाऱ्यावरून मध्यम माशासाठीं ४००० च्या आसपासचें पुरें. परंतु आंकड्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, तें खाऱ्या पाण्यासाठीं बंदिस्त केलेलें असावें. भिन्न भिन्न धातु एकमेकांस लागून असले आणि त्यांत मिठाचें पाणी शिरलें, म्हणजे एक धातु दुसऱ्यापायीं झिजूं लागतो. बंधूंच्या रिळांतली ती पांढरी भुकटी हीच. आणि रिळास 'ड्रॅग' म्हणून एक गळचेप असते. मासा ठराविक जोराहून अधिक ओढूं लागला कीं, ती दोरा थोडा थोडा सोडून देते. दोऱ्याची ताकद असेल तिच्या चौथाई ते तिहाई जोरावर ही बसवावी. त्याहून आवळली तर दोरा तुटतो, सैल ठेविली तर गळ रुततच नाहीं. हें ऐकत असतां आम्हांस आमचीं शाळेंतलीं व घरांतलीं सर्व वर्षें आठवलीं. आम्हीं आयुष्यभर ड्रॅग पुरी आवळून ठेविली होती.

उरला दोरा. पूर्वीं रेशमाचा, तागाचा असे. १९३८ सालीं नायलॉनचा शोध जाहीर झाला व पुढें आपल्याकडे तंगूस आला. तंगूस ताणला कीं थोडा लांबतो, धक्का सोसतो, खडकाच्या घासासही बराच टिकतो. परंतु जाडी अधिक. अलीकडे अति बळकट तंतूंचा विणीचा दोरा निघाला आहे. त्याच ताकदीच्या तंगुसाहून तो पुष्कळच बारीक. म्हणून लांब जातो आणि रिळावर अधिक मावतो. तो मुळींच ताणत नाहीं, त्यामुळें माशाची हालचाल थेट हातीं येते. मात्र ढोलावर तो घसरतो, म्हणून तळाशीं थोडा तंगूस गुंडाळावा. आणि धारदार वस्तूपुढें तो अगदींच दुबळा, म्हणून गळाच्या बाजूस दोन-तीन हात जाड तंगूस जोडावाच लागतो.

हा शेवटचा 'जोडावाच' आम्हीं ऐकिला नाहीं. काठी झाली, रीळ झालें, तीस पौंडांचा विणीचा दोरा झाला. बिल आमच्या अंदाजाच्या दुपटीवर गेलें होतें. जाड तंगुसाची ती लहानशी रिळी पांच-सहाशें रुपयांची. आम्हीं तेथल्या तेथें त्रैराशिक मांडलें. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलोंहून अधिक. मासा तीन-चार किलोंचा. साडेतेरांत चार गेले, साडेनऊ शिल्लक. मग ही भर कशाला? दुकानदार म्हणाला, "गुरुजी, खडकावर आणि जिताड्याला..." आम्हीं त्याचें वाक्य पुरें होऊं दिलें नाहीं. मुलगा कांहीं बोलणार होता. आमचा चेहरा पाहून थांबला. त्याचा बापही असाच थांबत असे.

२०२३ सालच्या माघ वद्य षष्ठीस आम्ही दोघे ताम्हिणी घाट उतरलों. भिऱ्याचा डोंगर उजवीकडे दाखवून आम्हीं मुलास म्हटलें, "आपलें पाणी येथें उतरतें." विळ्यावरून कोलाड, रोहा करीत दोन प्रहरीं कोर्लईस पोहोंचलों. किल्ला समुद्रांत घुसलेल्या डोंगरावर. एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास उघडा समुद्र. पायथ्याच्या गांवांत पोर्तुगिजांच्या अंमलापासून राहिलेली एक मिश्र बोली अजून बोलली जाते. ती कानीं पडली तेव्हां आमच्यांतला भाषेचा मास्तर क्षणभर मासे विसरला.

खाडीच्या तोंडाशीं खडकावर एक वृद्ध कोळी जाळें शिवीत बसले होते. आमच्या धोतराकडे व मुलाच्या हातांतल्या काठीकडे त्यांनीं आळीपाळीनें पाहिलें. आम्हीं वशिला लावावा म्हणून म्हणालों, "आज षष्ठी. साडेचारला भरती पुरी होईल." ते हंसले. "गुरुजी, तुमी बरोबर बोललां. पण तुमाला कोनी शिकवलां? आमचा हिशोब हाय तो." मग जिताड्याविषयीं त्यांनीं सांगितलें. हा मासा खाडीच्या गोड्या-खाऱ्या पाण्यांत राहतो. पाणी फिरतें, त्या वेळीं खडकाच्या आडोशास दबा धरून बसतो. त्याच्या कल्ल्याचें झांकण पात्यासारखें असतें. पुढें आम्हीं पुस्तकांत वाचलें कीं, हा जन्मतः नर असतो व मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून मोठा जिताडा मारला कीं अंडीं घालणारी आईच जाते.

मुलगा गळाला आमिष लावीत होता. कोळीबुवा त्याच्याकडे पाहत म्हणाले, "हितंच एक बँकवाले भाऊ यायचे. ह्याच कातळावर बसायचे. धरायचे नि सोडायचे. आमी हासायचो. म्हंगलं, पोट भरलेल्याचा खेळ. पन मानूस चांगला. कोरोनापासून दिसला नाय."

मुलाचे हात थांबले. तो म्हणाला, "ते माझे बाबा."

पावणेदोन वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून आम्हीं प्रथम ऐकिला. कोळीबुवांनीं जाळें खालीं ठेविलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. मग ते उठून मुलाजवळ गेले, दोरा बोटांत धरून पाहिला, आणि आमच्याकडे न पाहतां म्हणाले, "ह्याला पुढं तंगूस नाय लावला? ह्यो नाय टिकनार."

टिकला नाहींच. पाणी उतरूं लागलें व सूर्य किल्ल्याआड जाण्याच्या बेतांत आला, तेव्हां काठी एकदम वांकली. रीळ किर्र किर्र वाजूं लागलें. पाण्यावर एक मोठी रुपेरी कूस उलटली, तोंड उघडें दिसलें, मान झटकलेली दिसली. आणि काठी सरळ झाली. दोरा वाऱ्यावर रिकामा तरंगत आला. त्याचें टोंक चाकूनें कापावें तसें स्वच्छ होतें.

आम्हीं म्हटलें, "गेला तर गेला. नाहींतरी सोडूनच द्यावयाचा होता."

मुलगा वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतें. "सोडला नाही आप्पा, तोडला. गळ त्याच्या तोंडातच राहिला. बाबा कधी असं करत नव्हते. वहीच्या मागच्या पानावर लिहिलंय – दोरा कमजोर असेल तर जाऊं नये."

बापाच्या पश्चात् आमच्याशीं तो इतका सलग प्रथमच बोलला, आणि बोलला तें आम्हांस दोष देण्यासाठीं. आम्हांस रागही आला नाहीं, उत्तरही सुचलें नाहीं. साडेतेरांतून चार वजा करणाऱ्या आमच्या गणितांत मासा हा केवळ एक आंकडा होता. त्याला मान आहे, कल्ला आहे, तोंड आहे, हें त्या गणितांत कोठेंच आलें नव्हतें. अहिंसा म्हणून ज्यानें एका पोराची काठी जाळली, त्यानेंच पांच-सहाशें रुपयांसाठीं एका जिवाच्या तोंडांत लोखंड ठेवून दिलें. परतीच्या वाटेवर घाटांत काळोख झाला होता. आम्हीं मुलास १९७८ सालची ती बंबाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला व मग म्हणाला, "मला ठाऊक आहे. बाबांनी सांगितली होती. ते म्हणायचे, दादाचं काही चुकलं नाही, त्याला कोणी विचारलंच नव्हतं की नको म्हणजे काय." या वाक्याचा अर्थ आम्ही अजून लावीत आहों.

आठ दिवसांत पुन्हां पुण्यास गेलों. जाड तंगूस घेतला. दुकानदारानें विणीचा दोरा व तंगूस जोडण्याची गांठ शिकविली. ती मुलास तिसऱ्या खेपेस आली, आम्हांस अद्याप येत नाहीं. गळाचा उलटा कांटा पकडीनें चेपून सपाट करावा, म्हणजे तो माशाच्या तोंडांतून सहज निघतो, हेंही त्यानें सांगितलें. घरीं स्प्रिंगच्या कांट्याला दोरा बांधून मुलानें ड्रॅग चार किलोंवर बसविली. आम्ही आंकडा वाचून दाखविला. मातोश्री झोपाळ्यावरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "सोडायचाच, तर धरायचा कशाला? हें मी त्यालाही विचारीत असें."

"मग काय म्हणे?"

"म्हणे, आई, धरल्यावांचून सोडतां येत नाहीं."

हें उत्तर न्यायशास्त्रांत टिकणारें नाहीं, हें आम्ही जाणतों. धरून सोडलेल्या माशासही दुःख होतें. कोळ्याचा मासा कुटुंबाच्या पोटासाठीं असतो, त्याला निदान प्रयोजन आहे. आमच्या खेळाला तें नाहीं. महाडजवळच्या वाळणकोंडींत देवीचे म्हणून मासे कोणी धरीत नाहीं. आमच्याच भागांत लोणावळ्याजवळ वळवणला १९७० च्या दशकापासून महसीर माशाची वीण करून पिलें तलावांतून सोडतात. २०२३ सालीं शासनानें लहान मासे धरूं नयेत म्हणून त्यांची किमान लांबी ठरवून दिली. जिवाची कींव करण्याच्या वाटा अनेक आहेत, आणि गळाची काठी ही त्यांतली सर्वांत सरळ खचित नव्हे. इतकें मात्र आम्हांस पटलें आहे कीं, जें करावयाचें तें पुऱ्या सामग्रीनें करावें; अर्ध्या सामग्रीनें केलेल्या गोष्टींत दुसऱ्याचें रक्त सांडतें.

फाल्गुन शुद्ध पंचमीस पुन्हां कोर्लईस गेलों. पांच पाउणे पावणेचार. कोळीबुवा होतेच. तीन तास कांहींच झालें नाहीं, आणि त्या तीन तासांत मुलगा त्यांच्याशीं जितकें बोलला, तितकें घरीं दोन वर्षांत बोलला नव्हता. तिन्हीसांजेस काठी वांकली. या वेळीं दोरा तुटला नाहीं. दहा-बारा मिनिटांनीं हातभर लांबीचा जिताडा खडकाच्या कडेस आला. डोळे अंगारासारखे, अंग ओल्या चांदीसारखें. मुलानें हात भिजवून त्याच्या पोटाखालीं धरले, गळ अलगद निघाला. मग त्यानें वर आमच्याकडे पाहिलें. "आप्पा, काय करूं? सोडूं, कीं यांना देऊं?"

पंचेचाळीस वर्षांपूर्वीं आम्हीं विचारल्यावांचून निकाल दिला होता. आतां विचारलें असतांही देववेना. म्हणालों, "तूं ठरव."

त्यानें मासा पाण्यांत सरळ धरिला, वाहत्या पाण्याकडे तोंड करून. कल्ले दोनचार वेळां हालले. मग शेपटीचा एक फटकारा, आणि हात रिकामे. कोळीबुवा हंसले नाहींत.

रात्रीं घरीं पोहोंचतांच मुलानें न्हाणीघराच्या पायरीवर रीळ धुवावयास घेतलें. खाऱ्या पाण्यावरून आल्यावर हें करावेंच लागतें. जोराची धार मारूं नये, मीठ आंत ढकललें जातें; गोडें पाणी हळूहळू ओतावें, ड्रॅग सैल करावी, सावलींत वाळवावें. नळाची धार फार म्हणून मातोश्री तांब्या घेऊन उभ्या राहिल्या व संध्येचें अर्घ्य द्यावें तसें पाणी ओतूं लागल्या. भावजय दिवा धरून होती. तिनें मुलाला विचारलें, "कसा होता रे?" आणि तो सांगूं लागला. आम्ही ओसरीवरून ऐकत होतों. बंधूंचें तें जुनें रीळ आम्हीं देवघराबाहेरच्या फडताळांत ठेविलें आहे. तें आतां फिरणार नाहीं. दर महिन्यास पुसतों मात्र.